शेजारची रेघ

जळूने मयूरी ऐवळेच्या बोटाचा थेंब ओढला, सतरा सेकंद विचार केला आणि ती लाल झाली.

जळू हे लोकांनी ठेवलेलं नाव. सरकारी कागदावर त्या यंत्राला 'प्रतिकारस्मृती वाचक' म्हणत, पण बोटाला चिकटून रक्त ओढणाऱ्या वस्तूला मिरजेत आणखी काय म्हणणार? परदेशी निघालेल्या प्रत्येकाला प्रवास-आरोग्य केंद्रात येऊन तिला बोट द्यावं लागे. पूर्वी पिवळं कार्ड असायचं. लस टोचली की डॉक्टर त्यावर सही करायचा. पुढे लस न टोचताही सह्या मिळायला लागल्या, तेव्हा विमान कंपन्यांच्या संघाने कार्डं मोडीत काढली आणि जगभर जळवा बसवल्या. माणूस खोटं बोलेल, रक्त खोटं बोलत नाही, असं त्यांच्या जाहिरातीत होतं.

पडद्यावर ओळी आल्या. पीतज्वर हिरवा. टायफॉइड हिरवा. मेंदूज्वर हिरवा. मग क्षय, लाल. खाली एक सूचना: चार महिने प्रतिबंधक गोळ्या, नंतर फेरवाचन, तोवर प्रवास नाही.

"लपलेला क्षय आहे. चार महिने गोळ्या घ्या आणि या," डॉ. माणगावे पडद्याकडे बघूनच म्हणाले. केंद्राचे प्रमुख ते. पंचवीस वर्षं क्षयाच्या वॉर्डात काढलेला माणूस, पण जळू आल्यापासून पेशंटच्या तोंडाकडे बघायची त्यांची सवय गेली होती.

मयूरीने सांगून पाहिलं. खोकला नाही, ताप नाही, गेल्या महिन्यातला एक्सरे साफ आहे.

"यंत्र लाल म्हणतंय ना," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली.

मयूरीकडे चार महिने नव्हते. एकोणीस दिवस होते.

आटपाडी-विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची, म्हणजे गलाई. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात भट्टी फुंकणारा माणूस आपल्या गावाचं नाव सांगेल. विट्याचे जालिंदरनाना तर पार आफ्रिकेत, घानातल्या कुमासी शहरात भट्टी टाकून बसले होते. त्यांना कस लावणारं माणूस हवं होतं, सोनं किती चोख आहे ते दगडावर घासून सांगणारं. तपासायची यंत्रं त्यांच्याकडेही होती, पण जाड मुलाम्याला ती फसायची. मयूरीचा दगड फसत नसे.

गलाईत बाईला भट्टीच्या खोलीत घेत नाहीत. का घेत नाहीत ते कुणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही नसतंच. मयूरीच्या बापाला, सेलमच्या बाजारात गलाई करणाऱ्या बाबूराव ऐवळेला, मुलगा नव्हता आणि अक्कल होती. त्याने पोरीला शिकवलं. बाप गेल्यावर आठ वर्षं तिने विट्यात दुसऱ्यांच्या दुकानांत कस लावला, तोही दाराबाहेरच्या बाकावर बसून. आता नानांनी बोलावलं होतं, आत, टेबलावर. अट एकच. वीस तारखेला हजर व्हायचं, नाही तर पुतण्या सूरजला तिकीट.

आणि नुसत्या तारखेचाच प्रश्न असता तर ती रडली असती, ओरडली असती आणि गप्प बसली असती. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. मयूरीला सतराव्या वर्षापासून फिट यायच्या. गोळी सुरू झाली आणि गेली नऊ वर्षं एकही आली नव्हती. गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. तिची आई शालन दर महिन्याला सांगलीहून गोळ्यांची पाकिटं आणायची, एकेक गोळी फोडून काढायची आणि थायरॉइडच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरायची. थायरॉइड असलेल्या पोरीचं लग्न होतं, फिटवालीचं होत नाही, असा साधा हिशेब. लग्न झालं नाहीच. बाटली मात्र राहिली. केंद्राच्या अर्जावरसुद्धा मायलेकींनी थायरॉइडच लिहिलं होतं.

केंद्राच्या पायरीवर बसूनच मयूरीने सांगलीच्या मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, क्षयाच्या त्या गोळ्या यकृताला अशा काही कामाला लावतात, की तुझी फिटची गोळी रक्तात टिकणारच नाही. डोस वाढवून बघता येईल, पण चार महिने भरवसा नाही. म्हणजे घेतल्या तर फिट परत, नाही घेतल्या तर विमान नाही.

घरी आली तेव्हा शालन डाळिंबाच्या पॅकिंग शेडमधून नुकतीच परतली होती. सगळं तिने उभ्यानेच ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, दुसऱ्या कुणाचं बोट दिलं तर जमंल का? मयूरीने सांगितलं, जळू आधी बोटाचा ठसा घेते, मग थेंब.

"हे लाल माझ्यामुळंच हाय," शालन म्हणाली. "मला बी क्षय झाला हुता. तू चार वर्साची हुतीस. सा महिनं गोळ्या खाल्ल्या. शेडला जाती म्हणून सांगायची आन् दवाखान्यात जायची. तुझ्या बाला बी न्हाई सांगितलं. तुला लांब झोपवायची, पर तू राती सरकत सरकत यायचीस."

मयूरीला राग आला. आईच्या आजाराचा नाही, बाटल्यांचा.

"सगळंच दुसऱ्या बाटलीत भरून ठेवायची सवय लागलीय तुला, आई."

शालनने मान खाली घातली. देव्हाऱ्याच्या फळीवर केंद्रातून मिळालेलं मलेरियाच्या गोळ्यांचं पाकीट होतं, आठवड्याला एक, निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून. रविवारी पहिली घ्यायची होती. ते पाकीट तिने उगाच सरळ करून ठेवलं.

इथे थोडं विज्ञान सांगायला हवं, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावर उभा आहे. आपलं रक्त विसरत नाही. एखादा जंतू अंगात शिरला की त्याला ओळखणाऱ्या पेशी तयार होतात. लढाई संपली की बहुतेक मरतात, काही मागे राहतात. त्या म्हाताऱ्या पैलवानांसारख्या कोपऱ्यात बसून असतात, तोच जंतू परत दिसला की उठतात. लस म्हणजे या पैलवानांना खऱ्या लढाईआधी दिलेला सराव. अशा पेशींच्या लाखो जाती असतात आणि प्रत्येकीच्या अंगावर आपल्या शत्रूच्या मापाचा साचा असतो. जळू एका थेंबातले हे सगळे साचे वाचते आणि कोणत्या जातीच्या पेशी किती आहेत ते मोजते. एवढ्यापर्यंत ती अस्सल हुशार. पण 'किती' म्हणजे 'जास्त' हे ठरवायला तिला आधी कुणाचं तरी रक्त निरोगी म्हणून दाखवावं लागतं. ते कुणाचं दाखवलं होतं, हे मिरजेत कुणी विचारलं नव्हतं.

मयूरीने विचारलं, आणि तेही हात कामात असताना. राग आला की ती बापाचा कसोटीचा दगड काढून बसायची. त्या दिवशी शेजारणीने अंगठी तपासायला दिली होती. काळ्या दगडावर अंगठीची रेघ ओढली आणि सवयीप्रमाणे तिचा हात डबीतल्या कांडीकडे गेला. ती कांडी ओळखीच्या सोन्याची, तिचा कस आधीच ठाऊक. अंगठीच्या रेघेशेजारी तिची रेघ ओढायची, दोन्हींवर तेजाबाचा थेंब टाकायचा आणि कोणती किती टिकते ते बघायचं. नुसत्या एका रेघेला अर्थ नसतो. ऊन असलं की ती उजळ दिसते, ढग आले की मंद. बाबूराव म्हणायचा, शेजारी रेघ नसली तर पितळ पण राजा आहे.

कांडी हातात धरून मयूरी तशीच थांबली.

मग तिने केंद्रातल्या सुवार्ता सिस्टरना फोन केला. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं काढलेल्या या सिस्टर केंद्रात एकट्याच अशा होत्या, की सुई टोचताना नाव विचारायच्या. मयूरीने विचारलं, जळूच्या शेजारची रेघ कुणाची आहे? सिस्टरना आधी प्रश्नच समजला नाही. समजला तेव्हा त्यांनी कपाटातलं यंत्राचं जाड पुस्तक काढलं आणि तासाभराने उलट फोन केला.

"चारशे बारा लोक आहेत गं. सगळे एकाच देशातले. आठ महिने बर्फ असतं बघ तिथे. क्षय त्यांनी शंभर वर्षांत पाहिलेला नाही."

सोमवारी सकाळी मयूरी आईला घेऊन मिरजेला गेली. शालन यायला तयार नव्हती. मयूरीने तिला सांगितलं, मला तिथं एक गोष्ट बोलायची आहे आणि ती तुझ्या पाठीमागे बोलणार नाही.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. जर्मनीला निघालेल्या नर्सेस, बोटीवरचे खलाशी, शिकायला चाललेली पोरं. निम्म्यांच्या हातात लाल चिठ्ठ्या. नानांचा पुतण्या सूरजही होता, जायची वेळ आली तर तयारी असावी म्हणून. त्याने तिला पाहून दात काढले.

"काय ताई, सोनं खोटं निघालं म्हणे?"

"तुझं बोट अजून बाकी आहे," मयूरी म्हणाली.

दहा मिनिटांनी सूरज लाल चिठ्ठी घेऊन बाहेर आला. दात आत गेले होते. मला कुठला क्षय, मी रोज तालमीत जातो, असं तो भिंतीला सांगत होता.

मयूरीने डॉ. माणगाव्यांसमोर चिठ्ठी ठेवली आणि गोळ्या घेणार नाही म्हणून सांगितलं. डॉक्टर वैतागले. मागे रांग होती, दार उघडं होतं, सगळे ऐकत होते. ते म्हणाले, चार महिन्यांनी काही बिघडत नाही. तुमची थायरॉइडची गोळी असेल तर तिचा डोस थोडा वाढवू, त्यात एवढं काय आहे?

शालनने मयूरीची ओढणी धरली. मयूरीने ती हळूच सोडवली.

"थायरॉइड नाही, डॉक्टर. फिट येतात मला. म्हणजे यायच्या. नऊ वर्षं लॅमोट्रिजिनवर आहे. तुमच्या गोळीने माझी गोळी उतरेल आणि मी पडेन."

सूरजचं तोंड उघडंच राहिलं. शालन जमिनीकडे बघत होती, आणि तिला वाटत होतं की आता सगळे आपल्या पोरीकडे बघतील. पण सगळे डॉक्टरांकडे बघत होते, कारण डॉक्टर खुर्चीतून उठले होते.

"मागच्या वेळी मी तुम्हाला मलेरियाची गोळी दिली. आठवड्याची. घेतली?"

मयूरी म्हणाली, काल पहिली घ्यायची होती, पण रागात राहूनच गेलं.

"ती फिटवाल्या माणसाला देत नाहीत. तिनेच फिट येऊ शकते." ते खाली बसले. पहिल्यांदाच त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "विमानात घेतली असती तिसरी. अर्जावर खरं का नाही लिहिलं?"

मयूरीने तोंड उघडायच्या आत शालन बोलली.

"म्या लिवायला लावलं. माझी चूक हाय. तिला बोलू नगा."

डॉक्टरांनी पेन उघडलं. त्यांनी मलेरियाच्या गोळीची मागची चिठ्ठी मागून घेतली, फाडली आणि दुसरी लिहिली. मलेरियाची रोज घ्यायची वेगळी गोळी, फिटच्या औषधाशी न भांडणारी. यंत्राने एवढे साचे वाचले आणि हे एक सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? ते जंतूंच्या आठवणी वाचतं, माणसाच्या लपवाछपवीच्या नाही.

चिठ्ठी लिहून होते तोच मयूरीने आपल्या पिशवीतला दगड टेबलावर ठेवला. अंगठीची रेघ दाखवली, शेजारची दाखवली.

"कस लावताना आम्ही ओळखीच्या सोन्याची रेघ शेजारी ओढतो. तुमच्या जळूच्या शेजारी बर्फातल्या माणसांची रेघ आहे. क्षय ज्यांनी पाहिलाच नाही, त्यांच्याशेजारी आम्ही सगळे लालच दिसणार. खोटं वाटत असेल तर तुमचं बोट द्या."

"ही काही जत्रा नाही," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात सुवार्ता सिस्टरनी आपलं बोट जळूत घातलं. सतरा सेकंद. लाल. खलाशांपैकी कुणी तरी हसलं. दारावरचा वॉचमन तुकाराम हारगे, जो रोज रांगेला ढकलायचा, तोही गमतीने बोट घालून गेला. लाल. मग हॉलभर एकच कुजबुज, आणि सगळ्यांची नजर एका माणसावर. दिवाळीत लीड्सला लेकीकडे जायचं डॉ. माणगाव्यांचं तिकीट काढलेलं होतं. हे सिस्टरना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

डॉक्टरांनी बोट दिलं. जळू लाल तर झालीच, वर तीन ओळींची सूचना आली: प्रवास स्थगित, विलगीकरण सुचवले जाते.

पंचवीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचा क्षय बरा केला, त्याच्या रक्तातली प्रत्येक जिंकलेली लढाई यंत्राने गुन्हा म्हणून वाचली होती. डॉक्टर ती सूचना दोनदा वाचून हसले. कडू हसले, पण हसले.

मग त्यांनी ते जाड पुस्तक मागवलं. त्यात दोनशे अकराव्या पानावर लिहिलेलं होतं, पहिल्या दिवसापासून होतं, की यंत्राला स्थानिक पाया देता येतो. त्याच भागातल्या पन्नास निरोगी माणसांचे थेंब, साफ एक्सरे जोडून, आणि केंद्रप्रमुखाची सही. देशातल्या किती केंद्रप्रमुखांनी ती सही केली होती? सही केली की जबाबदारी येते. नाही केली तर फक्त दुसऱ्यांची विमानं चुकतात.

एक्सरे प्रवाशांकडे होतेच. बोटांची रांग लागली, आणि त्या दिवशी कुणाला ढकलावं लागलं नाही. नर्सेसनी पोरांच्या भीतीची चेष्टा केली, खलाशांनी नर्सेसची. सूरज चौथा होता. दुपारी दीडपर्यंत चौपन्न थेंब झाले. डॉक्टरांनी सही केली, तारीख घातली आणि खाली आपला नोंदणी क्रमांक कुणी न मागता लिहिला.

जळू अर्धा तास पुटपुटत राहिली. आता तिच्याकडे मिरजेची रेघ होती. क्षयाची आठवण इथे बहुतेकांच्या रक्तात आहे, कुणाला शाळेतून, कुणाला बसमधून, कुणाला आईच्या कुशीतून मिळालेली. जुन्या आठवणीत त्या पेशी थोड्या आणि निवांत असतात. लढाई सुरू असली तर त्या बक्कळ होतात, आणि थेंबात गोंगाट असतो. बर्फाच्या शेजारी हा फरक दिसत नव्हता. आपल्या माणसांच्या शेजारी लखलखीत दिसला.

पहिलं बोट मयूरीचं. सतरा सेकंद तिने जळूकडे न बघता आईकडे बघितलं.

हिरवा. चारही ओळी हिरव्या.

त्यानंतर सिस्टर हिरव्या, डॉक्टर हिरवे, सूरज हिरवा. माणसं बोट द्यायची आणि टाळ्या वाजायच्या. फक्त तीन बोटं लाल राहिली. त्यांतलं एक तुकाराम वॉचमनचं. महिनाभर तो खोकत होता आणि फाइलींच्या धुळीमुळे असेल म्हणून सोडून देत होता. डॉक्टर त्याला स्वतः हाताला धरून आत घेऊन गेले, तोंडाकडे बघत, प्रश्न विचारत. यंत्र ज्यासाठी बनलं होतं ते काम त्याने त्या दिवशी पहिल्यांदा केलं.

बाहेर सूरजने नानांना फोन लावला होता. सगळं सांगून टाकलं होतं, फिटसकट. त्याने फोन मयूरीच्या हातात दिला. पडद्यावर नाना भट्टीसमोर घामाने निथळत उभे होते.

"शेवटची कधी आली?"

"नऊ वर्षं झाली, नाना."

"गोळी चुकते?"

"नाही."

"माझ्या दोन भट्टीवाल्यांची बाटली चुकत नाही आणि ते रोज पडतात," नाना म्हणाले. "पण मूस उचलायची नाही तू. त्यात वितळलेलं सोनं असतं, अंगावर यायचं."

"मूस उचलायला मी येतच नाही. कस लावायला येते. आणि माझी गोळी काय आहे ते तिथल्या सगळ्यांना आधी सांगणार, पडले तर काय करायचं तेही."

नानांनी कपाळ पुसलं. मग म्हणाले, वीस तारखेला ये. आणि त्या सूरजला पण घेऊन ये, मूस उचलायला माणूस लागतोच की.

आता राहिलं औषध. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं: सहा महिन्यांच्या गोळ्या, मूळ पाकिटांत, औषधाचं खरं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह. दुसऱ्या बाटलीत सुट्या गोळ्या दिसल्या तर विमानतळावर अडवतील, आणि अडवायलाच हवं.

मयूरी म्हणाली, उद्या सांगलीला जाऊन आणते. शालन म्हणाली, कशाला? गावात मेडिकल न्हाई का?

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकातल्या मेडिकलसमोर बाजारची गर्दी होती. शालनने पिशवीतून चिठ्ठी काढली आणि काउंटरवर पसरली. दुकानदार महेशने चिठ्ठी वाचली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे वाकून अगदी हळू विचारलं, मावशी, ही कुणासाठी?

शालनने पिशवीतून थायरॉइडची रिकामी बाटली काढली आणि काउंटरखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"कानात काय बोलतूस? मोठ्यानं बोल. लॅमोट्रिजिन. फिटची गोळी. सा महिन्यांची दे, पाकिटासकट दे. माझी मयूरी आफ्रिकेला चाललीय, सोन्याचा कस लावायला."

रांगेतल्या दोन बाया सरकून जवळ आल्या. त्यांतली एक, कडेवर नात असलेली, शालनच्या खांद्याला हात लावून म्हणाली, ह्या पोरीला पण येतात, तुम्ही कुठल्या डॉक्टरला दाखवलं?

शालनने तिला नाव सांगितलं, पत्ता सांगितला, दोन्हीही मोठ्याने.